अर्ध्या तासाचं खारट-गोड चिकन : प्रकल्प नोंदी

६ जून

व्याप्ती ठरवून घेतली. फ्रीज उघडल्यापासून ताट वाढेपर्यंत अर्धा तास. ओव्हन नाही, आदल्या रात्रीचं मुरवणं नाही, भांडी कमीत कमी. सोया सॉस, मध, लसूण, आलं आणि व्हिनेगर एवढ्यावर उभा राहणारा सॉस हवा, आणि तो तुकड्यांना लपेटून बसला पाहिजे. ताटात पाण्याचं तळं नको. प्रमाण अर्धा किलो बोनलेस चिकनचं.

अशा पाककृती ढिगानं सापडतात आणि बहुतेक जणी एकच सांगतात : सगळं एकत्र कालवा, चिकन त्यात बुडवा, कढईत ओता. माझा संशय त्या ‘सगळं एकत्र’वरच आहे. गोडाचं आणि कडक आचेचं पटत नाही, आणि कडक आचेशिवाय चिकनला रंग चढत नाही. त्यामुळे आधी क्रम लावायचा, म्हणजे कुठली गोष्ट केव्हा पॅनमध्ये पडते ते पाहायचं. चवीचं नंतर.

७ जून

हत्यारं : वजनकाटा, सळीचा थर्मामीटर, चिमटा, जाड बुडाचा २८ सेंमीचा स्टीलचा पॅन. नॉनस्टिक बाजूला ठेवला. त्याच्या बुडाला काही धरत नाही आणि मला धरायलाच हवंय. चिकन परतताना तळाशी बसणारा तपकिरी थर म्हणजे अर्धा सॉस आहे, तो फुकट घालवायचा नाही.

९ जून

क्रमाची चाचणी. एकाच पाकिटातलं चिकन दोन वाटे करून घेतलं. पहिला वाटा मध आणि सोयामध्ये वीस मिनिटं बुडवून ठेवला, दुसरा कोरडा पुसून नुसत्या तेलात टाकला. पॅन तोच, आच तीच.

सॉसमधल्या वाट्याला आधी पाणी सुटलं आणि तो आपल्याच पाण्यात उकडत बसला. पाणी आटलं तसा मध तळाला लागला आणि मिनिटभरात काळा पडला. बाहेरून करपलेलं, आत ६० अंशांच्या आसपास, म्हणजे कच्चं. कोरड्या वाट्यावर चार-पाच मिनिटांत तांबूस खरपूस पापुद्रा आला.

कारणं दोन, आणि दोन्ही सॉसच्या विरुद्ध जाणारी. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर सरकत नाही. मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणारी क्रिया मात्र साधारण १४० अंशांनंतर जोर धरते. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यातली ही क्रिया लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. दुसरं कारण मधाचं. मधात ढोबळमानानं ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि १७ टक्के पाणी असतं. साधी साखर १६० अंशांच्या आसपास कॅरॅमल व्हायला लागते, फ्रुक्टोजला ११० पुरतात. तापलेल्या पॅनचं बूड तर २०० च्या पुढे असतं. मध तिथे टिकायचा कसा?

निर्णय : चिकन कोरडं, सॉस वेगळ्या वाटीत, आणि गोड सगळ्यात शेवटी. इथून पुढच्या सगळ्या चाचण्या याच पायावर.

१० जून

पुसण्याबद्दल अजून एक ओळ, कारण ही पायरी प्रत्येक जण गाळतो. कागदी टॉवेलनं दाबून दाबून, कागद कोरडा निघेपर्यंत पुसायचं. मिनिटभराचं काम आहे आणि पॅनमधली चार मिनिटं वाचवतं.

नळाखाली मात्र धुवायचं नाही. धुतल्यानं जंतू मरत नाहीत. कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला ही मंडळी उडणाऱ्या थेंबांबरोबर सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. त्यांचा बंदोबस्त आच करते. ज्यांच्या हाताला धुतल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी चिकनऐवजी स्वतःचे हात आणि चॉपिंग बोर्ड धुवावेत, साबणानं.

१२ जून

थाय (मांडी) की ब्रेस्ट (छाती)? दोन्ही करून पाहिले.

ब्रेस्टला चरबी कमी आणि चुकायला जागाही कमी. ६५ अंशांच्या पुढे त्याच्यातलं पाणी भराभर पिळून निघायला लागतं, आणि ८० ला पोचलं की तोंडात नुसता चोथा. थायमध्ये चरबी आणि कोलॅजन (मांसाला चिवट बनवणारं प्रथिन) जास्त, त्यामुळे त्याचं गणित उलट चालतं : ७४ ला ते खाण्याजोगं असतं पण थोडं चिवट, ८० ते ८५ ला मऊ लुसलुशीत. कोलॅजनचं जिलेटिन व्हायला ती जास्तीची आच लागते. शिवाय ते जिलेटिन सॉसमध्ये उतरून त्याला अंग देतं.

सुरक्षिततेचा आकडा : अमेरिकेचा कृषी विभाग कोंबडीसाठी ७४ अंश सांगतो, ब्रिटनची अन्न मानक संस्था आतल्या भागात ७० अंश दोन मिनिटं टिकले तरी पुरे म्हणते. जंतू मरण्यात तापमान आणि वेळ दोघांचा वाटा असतो, त्यामुळे दोन्ही आकडे बरोबरच. मी ७४ धरतो, लक्षात ठेवायला सोपं. रंगावर विसंबायचं नाही. शिजलेलं थाय हाडाजवळ कधीकधी गुलाबी राहतं आणि कच्चं ब्रेस्ट पांढरं दिसू शकतं.

मूळ पाककृती थायची. ब्रेस्टसाठी वेगळी सूचना : ७० ला पॅनमधून बाहेर, उरलेले चार अंश सॉसमध्ये परत गेल्यावर चढतात.

१४ जून

आजची नोंद लांबणार, कारण अर्धा तास नेमका कुठे जातो ते आज कळलं.

ब्रेस्टचा एक अख्खा तुकडा घेतला, मधोमध जवळजवळ ४ सेंमी जाड. दुसरा तेवढाच तुकडा आडवा कापून पुस्तकासारखा उघडला आणि लाटण्यानं हलकेच ठोकून सगळीकडे २ सेंमीचा केला. मध्यम आचेवर उघडलेला तुकडा सात मिनिटांत तयार. अख्ख्याला पंचवीस लागली आणि तोवर त्याचा बारका शेवट वाळून दोरीसारखा झाला होता.

उष्णता मांसाच्या आत हळूहळू झिरपत जाते आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ साधारण चौपट. आच वाढवून हा हिशोब फारसा बदलत नाही. वाढवलेली आच बाहेरच्या थरावर खर्च होते, आत जाण्याचा वेग मांसच ठरवतं. म्हणून ‘लवकर व्हावं म्हणून गॅस मोठा केला’ हे लवकर करपवण्याचं तंत्र आहे. घाई असेल तर ती सुरीनं करावी.

मग थायच्या तुकड्यांचा आकार. १ सेंमीचे बारीक तुकडे झटपट शिजतात, पण रंग यायच्या आधीच शिजतात, आणि एवढे उलटत बसायचं म्हणजे चिमट्याची कवायत. ५ सेंमीचे मोठे तुकडे छान दिसतात, पण जाड जागी अडतात. साडेतीन-चार सेंमी लांबीरुंदी आणि कुठेही २ सेंमीपेक्षा जास्त जाडी नाही, इथे गाडी थांबली. लांबीरुंदी थोडी इकडेतिकडे चालेल. जाडी सारखी पाहिजे.

गर्दीही मोजली. पॅनमध्ये तुकड्यांना एकमेकांपासून बोटभर अंतर हवं. अर्धा किलो एकदम टाकलं की पॅन थंड पडतो, वाफेला वाट मिळत नाही, आणि ९ जूनचं उकडणं पुन्हा सुरू. दोन घाण्यांत करायचं. दुसऱ्या घाण्याची मिनिटं एकाच घाण्यातलं पाणी आटवण्याच्या मिनिटांपेक्षा कमीच भरतात.

१५ जून

फ्रोझन चिकनचं काय, असा प्रश्न घरातून आला. ते अर्ध्या तासात बसणार नाही. रात्रभर फ्रीजमध्ये सोडवणं उत्तम. विसरलं असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवायचं आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं. अर्ध्या किलोला तासभर पुरतो. ओट्यावर उघडं ठेवून सोडवणं बाद, कारण आत बर्फ असतानाच बाहेरचा थर जंतूंना मानवेल इतका कोमट झालेला असतो.

१७ जून

सॉस. आता खरी मजा.

मिठापासून सुरुवात केली, कारण तीच जागा सगळ्यात निसरडी. नेहमीच्या सोया सॉसमध्ये १०० मिलीला साधारण १६ ते १८ ग्रॅम मीठ असतं. ४० मिली घेतला तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या किलो चिकनला तेवढं पुरेपूर झालं, कारण मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्का मीठ जिभेला बरोबर वाटतं. म्हणजे चिकनला वेगळं मीठ लावायचंच नाही, आणि सोबतचा भात अळणी शिजवायचा. बाटलीवर सोडियमचा आकडा दिला असेल तर त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. कमी मिठाचा सोया सॉस वापरणाऱ्यांनी हे करून बघावं, दोन बाटल्यांत बराच फरक निघतो.

मध आधी ६० ग्रॅम, मग ५०, मग ४०. साठला मिठाई झाली. चाळीसला सोया आणि मध एकमेकांना धरून राहिले. गोडानं खारटपणा दबतो आणि मिठाच्या हातानं गोडाचा उग्रपणा उतरतो, त्यामुळे दोन्ही वाढवत नेलं तरी जीभ बराच वेळ तक्रार करत नाही. इथेच सॉस हाताबाहेर जातात. थोडं गोड, मग थोडं खारट, मग परत थोडं गोड, आणि शेवटी दोन घासांत माणूस पाण्याचा तांब्या शोधतो. या चढाओढीतून सोडवतो तो आंबट. १५ मिली व्हिनेगर पडलं आणि दोन्ही चवी आपापल्या जागी दिसायला लागल्या.

व्हिनेगरचं एक आहे : ॲसिटिक आम्ल उडून जाणारं आहे, उकळीबरोबर वास आणि धार दोन्ही जातात. म्हणून अर्धं सॉसमध्ये आणि अर्धं गॅस बंद केल्यावर.

चाखण्याबद्दल आज एक नवीन गोष्ट पक्की झाली. फ्रुक्टोज गरम असताना कमी गोड लागतं, गार होईल तसं जास्त. त्याच्या रेणूंची ठेवण तापमानाबरोबर बदलते, त्याचा हा परिणाम. उकळता सॉस चाखून ‘अजून चमचाभर मध’ म्हणणारा माणूस ताटात पाक वाढतो. चमच्यात घ्यायचं, फुंकर घालून कोमट करायचं, मग ठरवायचं.

१८ जून

उमामीसाठी, म्हणजे ग्लुटामेटमुळे येणाऱ्या त्या भरीव, रसदार चवीसाठी, वेगळं काही लागत नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रसातून ज्या ग्लुटामेटला वेगळं काढलं, ते सोया सॉसमध्ये आंबवण्याच्या क्रियेतूनच भरपूर तयार झालेलं असतं. चिकनचा रस त्यात भर घालतो. क्यूब, पावडर वगैरे यादीतून काढून टाकलं.

२१ जून

दाटपणा. दोन वाटा आहेत, आटवणं किंवा कॉर्नफ्लोअर.

आटवलेल्या सॉसला चकाकी सुरेख येते, पण अर्धं पाणी गेलं की सॉस दुप्पट खारट होतो. ४० मिली सोयाचा सगळा हिशोब कोलमडतो. शिवाय आठ-दहा मिनिटं जातात. कॉर्नफ्लोअरला दीड मिनिट लागतं आणि मीठ जिथल्या तिथे राहतं. चवीचा विचार केला तर आटवलेला सॉस सरस आहे, हे मान्य. अर्ध्या तासाच्या अटीत मात्र कॉर्नफ्लोअर जिंकतं.

त्याची शिस्त अशी. गार पाण्यात कालवायचं, गरमात टाकलं की गुठळ्या. त्याचे कण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगायला लागतात, पण पूर्ण दाटपणा उकळीजवळच येतो, म्हणून एक उकळी फुटल्याशिवाय ‘पातळ राहिलं’ म्हणून आणखी घालायचं नाही. फार वेळ उकळत ठेवलं, त्यातून व्हिनेगर असलं, तर स्टार्च तुटून सॉस पुन्हा सैल पडतो. सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम, ठीक आहे. ६ ग्रॅमला सॉस पिठूळ लागला आणि खळीसारखा चिकटला.

आणि चाखलेला चमचा परत सॉसमध्ये बुडवायचा नाही. शिष्टाचार राहू द्या बाजूला, लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) स्टार्च तोडतं. उरलेला सॉस सकाळी पाणीदार झालेला दिसतो त्यात या चमच्यांचाही हात असतो.

शेवटी १० ग्रॅम गार लोणी, गॅस बंद करून, पॅन गोल फिरवत. उकळत्यात टाकलं तर तूप वेगळं होऊन तरंगतं. लोणी ऐच्छिक लिहितोय, पण मी घालणार.

२३ जून

लसूण बारीक चिरलेली विरुद्ध ठेचलेली. ठेचलेली जास्त उग्र, कारण पेशी जितक्या फुटतात तितकं ॲलिसिन तयार होतं, पण करपतेही लवकर. चिरलेली ठेवली. चिकन बाहेर काढल्यावर, उरलेल्या चरबीत, मंद आचेवर अर्धा मिनिट. ती तपकिरी व्हायची वाट पाहिली की कडवटपणा आलाच.

आलं किसून सॉसच्या वाटीत. चिकनला लावून ठेवायचं नाही. त्यातलं विकर मांसाची प्रथिनं तोडतं आणि जास्त वेळ राहिलं तर वरचा थर लिबलिबीत होतो.

२७ जून

घड्याळ लावून पूर्ण फेरी. भात आधी चढवला, कारण या सगळ्यात सगळ्यात सावकाश तोच आहे. तो शिजेपर्यंत चिकन पुसून कापलं, वाटीत सॉस कालवला, लसूण चिरली. गॅस पेटवेपर्यंत बारा मिनिटं गेली, पॅनवरची सगळी कामं चौदा मिनिटांत उरकली. चार मिनिटं शिल्लक. सॉसची वाटी तयार नसताना पॅन तापवला तर ही चार मिनिटं करपलेली लसूण खाऊन टाकते.

३० जून

कागदाची, म्हणजे त्यावर लिहून काढलेल्या पाककृतीची, परीक्षा. धाकट्या बहिणीनं आजवर चिकन केलेलं नाही. तिला कागद दिला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात गप्प उभा राहिलो. अट अशी की तिनं विचारलं तर फक्त लिहून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही.

तिचे प्रश्न जसेच्या तसे :

“दादा, मध्यम आच म्हणजे तुझ्या गॅसची की माझ्या?”

“तेल तापलं हे कसं ओळखू?”

“चिकटलंय हे. ओढू का?”

“दाट झाला म्हणजे किती दाट? खिरीएवढा?”

“आता पुसलेल्या चिकनचा कागद कुठे टाकू, आणि त्याच हातानं मधाची बाटली धरू का?”

शेवटचा प्रश्न माझ्या कागदात येऊच शकला नसता, मला तो पडलाच नसता. जेवण चांगलं झालं. वेळ अडतीस मिनिटं, त्यातली बरीच माझ्याकडे रागानं बघण्यात गेली.

२ जुलै

कागद पुन्हा लिहिला. मिनिटं ठेवली, पण प्रत्येक मिनिटाशेजारी डोळ्यांना किंवा कानांना कळेल अशी खूण लिहिली.

मजकूर असा : भात चढवा. वाटीत ४० मिली सोया सॉस, ४० ग्रॅम मध, ६० मिली पाणी, अर्धा मोठा चमचा व्हिनेगर, पेरभर किसलेलं आलं, सपाट चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, आणि आवडत असेल तर चिमूटभर मिरचीचे दाणे. आणखी अर्धा मोठा चमचा व्हिनेगर वेगळं काढून ठेवा. चार लसूण पाकळ्या चिरा. बाटल्या आता बंद करून आत ठेवा, यापुढे त्यांना हात लागणार नाही. मग चिकन काढा, कोरडं पुसा, २ सेंमीपेक्षा जाड राहणार नाही असं कापा. कागद कचऱ्यात, हात, सुरी आणि बोर्ड साबणानं धुवा.

पॅन तापवा; पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा पळायला हवा. एक मोठा चमचा तेल घाला, ते पातळ होऊन चमकायला लागलं की निम्मे तुकडे मांडा. चर्र असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर तुकडा उचला आणि थांबा. आता हात मागे. चार मिनिटं हलवू नका. तुकडा चिकटला असेल तर ओढू नका, खालून खरपूस झाला की तो आपण होऊन सुटतो. उलटा, तीन मिनिटं, ताटलीत काढा. दुसरा घाणा तसाच.

आच मंद करा. लसूण अर्धा मिनिट, वास सुटेपर्यंत. वाटी ढवळा, कारण कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असतं, आणि सॉस पॅनमध्ये ओता. लाकडी उलथन्यानं बुडाचा तपकिरी थर खरवडून त्यात मिसळा. बुडबुडे छोट्यांचे मोठे आणि संथ झाले, उलथन्याच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली, की चिकन ताटलीतल्या रसासकट परत घाला. मिनिट-दोन मिनिटं उलटसुलट करा. सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटर ७४ च्या वर, थायला ८० झाले तर आणखी छान. गॅस बंद. राहिलेलं व्हिनेगर, लोणी, पॅन गोल फिरवा, वाढा.

तळटीप : वर्षाच्या आतल्या बाळाला यातला सॉस चाटवायचा नाही. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या शिजवण्यानं ते मरत नाहीत.

३ जुलै

मधाऐवजी साखर, ३० ग्रॅम. चालते. करपायला जरा उशीर लावते, पण मधाचा वास आणि चकाकी येत नाही. घरात मध नसला तर म्हणून नोंद, पहिली पसंती नाही.

६ जुलै

उरलेल्याची चाचणी. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तिथे तीन-चार दिवस चालतं. गरम करताना चमचाभर पाणी घालून, झाकण ठेवून, पुन्हा ७४ पर्यंत. थाय तसंच मऊ राहिलं, ब्रेस्ट कोरडं पडलं. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या डब्यातला सॉस सुटल्यावर फाटल्यासारखा झाला आणि कडेनं पाणी सुटलं. कॉर्नफ्लोअरचं ते नेहमीचं दुखणं आहे. ज्यांना फ्रीझरमध्ये ठेवायचं आहे त्यांनी चिकन नुसतं परतून ठेवावं आणि सॉस त्या दिवशी करावा, तो पाच मिनिटांचा आहे.

हाडासकट तुकड्यांची मागणी आली आहे. ते या प्रकल्पात घेत नाही. हाडाजवळचा जाड भाग अर्ध्या तासात ७४ ला नेताना बाहेरचा रंग सांभाळता येत नाही, आणि त्यासाठी झाकण ठेवून शिजवणं आलं, म्हणजे वेगळा पॅन, वेगळा क्रम, वेगळी वही.